डोहावरचा जावई

१९४८ साली संस्थान विलीन झालं आणि आमचा पक्ष्यांचा डोह बेवारशी झाला. बऱ्हाणपूरच्या वरच्या अंगाला तापी वळते, तिथं हा डोह. थंडीत चकवे, बदकं, करकोचे इतके उतरतात की पाण्याला जागा उरत नाही. शिकारीला बंदी होती, पण ती राजाच्या हुकमानं. राजाच गेला, तर हुकूम एकटा काय करणार? राखणदार गिरधरनं तालुक्याला विचारून घेतलं. नवा हुकूम निघेपर्यंत बंदी नाही, असं उत्तर आलं आणि उत्तरामागोमाग बंदूक घेऊन नंदकुमार साहेब आले. नवे अधिकारी, वय तीस, लग्न व्हायचं होतं.

गिरधरनं हात जोडून सांगितलं, की हे पक्षी गावाच्या माहेरवाशिणी आहेत. दर थंडीला येतात, गाव ज्वारी टाकून त्यांची ओटी भरतं, मग त्या जातात. साहेबांनी विचारलं, हे कोणत्या कायद्यात आहे. गिरधरला कायदा येत नव्हता. त्यानं बायकोला बोलावलं.

गोदाबाईलाही कायदा येत नव्हता, पण रीत येत होती. माहेरवाशीण घरात असताना दारात अनोळखी पुरुष आला, तर तो न्यायला आलेला जावईच. तिनं साहेबांना पाटावर बसवलं, मांडे वाढले. चौथ्या मांड्यानंतर टोपी-उपरणं पुढं केलं. साहेबांनी घेतलं. पोटात चार मांडे असले की माणूस काहीही घेतो.

मग ती त्यांना काठावर घेऊन गेली. "जावईबापू, यातली तुमची कोणती?"

नेम कुठंतरी धरायचाच होता, म्हणून साहेबांनी एका केशरी चकवीकडे बोट केलं.

"गुणाची आहे," गोदाबाई म्हणाली. "बाकीच्या तुमच्या मेहुण्या."

साहेबांनी बंदूक उचलली. सगळं गाव बघत होतं. कुणी अडवलं नाही. उखर्डू न्हावी तेवढा पुढं झाला.

"साहेब, दहाव्याला तुमची डोई करायला मी तालुक्याला येऊ, की तुम्ही इकडं येता?"

बंदूक खाली आली. चकवी चरत राहिली. नवऱ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

पंधरा दिवसांत हुकूम आला: डोहावर शिकारबंदी. कारण: कौटुंबिक. वरच्या साहेबांनी न वाचता मंजूर केला होता.

पुढच्या थंडीत साहेब बंदुकीशिवाय आले, ज्वारीची पिशवी घेऊन. तासभर काठावर बसले. मग गिरधरला हळूच विचारलं, की यातली आपली कोणती.

"तुम्हीच ओळखा, साहेब," गिरधर म्हणाला. "मी दाखवली, तर तिला वाईट वाटेल."