जवळ्याच्या बरणीतली किडनी

मी एक जुनी बरणी आहे. प्लास्टिकची, लाल झाकणाची, मोठ्या तोंडाची. सध्या ठाण्यात वर्तकनगरच्या एका लॅबमधल्या कपाटात उभी आहे. माझ्या पोटात काय आहे ते ऐकलंत तर नाक मुरडाल. तरीही ऐका, मित्रांनो. माझ्यासारख्या साध्या बरणीत एका माणसाचा जीव अडकला होता.

माझा जन्म कारखान्यातला. सुरुवातीला माझ्यात चॉकलेटं भरली होती आणि कोपरच्या एका दुकानात पोरांच्या नजरा झेलत मी दिमाखात बसायचे. चॉकलेटं संपली तशी दुकानदाराने मला मालूला देऊन टाकलं. मालूचं घर खाडीकाठी, नवरा परशुराम मासेमारी करणारा. तिने माझ्यात सुका जवळा भरला. कुठे चॉकलेट आणि कुठे जवळा! मला रडूच कोसळलं होतं. पुढे त्या वासाशीच माझी सोयरीक जमली. भर पावसाळ्यातही माझ्यातला जवळा कुरकुरीत राहायचा, कारण माझं झाकण. ते एकदा बसलं की बसलं. उघडायचं तर मला उलटी करून बुडावर थापट्या माराव्या लागत आणि ते फक्त मालूलाच जमायचं. बाकीचे नुसते घाम गाळायचे. परशुराम तर मला हट्टी म्हैस म्हणायचा.

याच परशुरामला लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि त्याने ते सगळ्यांपासून लपवलं. "उन्हाचा हाय, कोकम प्यालो का जाईल," असं तो स्वतःचीच समजूत घालायचा. मी फळीवरून ऐकत होते, पण बरणीचं कोण ऐकतं? शेवटी कंबरेत अशी कळ उठली की गडी भिंतीला धरून खाली बसला. तपासण्या झाल्या. डाव्या किडनीत कॅन्सरची गाठ निघाली. अख्खी किडनीच काढावी लागणार होती.

हॉस्पिटल डोंबिवलीतलं, अगदी लहान. काढलेला भाग तपासायला नातेवाइकांनीच लॅबमध्ये न्यायचा, अशी तिथली रीत. डॉक्टरांनी परशुरामच्या मुलीला, दक्षताला, मोठ्या तोंडाची बरणी आणायला सांगितलं. मालूने जवळा परातीत ओतला आणि मला गरम पाण्याने घासघासून धुतलं. दारात परशुरामचा थोरला भाऊ काळुराम बसला होता.

"काढलेला तुकरा खारीला देवाचा," तो म्हणाला. "आपल्या आंगाचा हाय तो. कचऱ्यान नाय टाकाचा."

काढलेला भाग खाडीला वाहायचं हे बोलणं दक्षताने ऐकलं आणि मला पिशवीत घालून ती हॉस्पिटलकडे निघाली.

ऑपरेशनच्या वेळी नर्सने मला आत नेलं. मित्रांनो, तिथली शांतता मी विसरणार नाही. मध्येच डॉक्टरांचा आवाज चढला आणि सगळे हात एकदम थांबले. मग हात पुन्हा चालू लागले. थोड्या वेळाने चरबीत गुंडाळलेली, एका बाजूने फुगलेली किडनी माझ्यात आली. वरून झोंबऱ्या वासाचं औषध ओतलं गेलं आणि झाकण करकचून बसलं.

डॉक्टरांनी मला बाहेर आणून घरच्यांना दाखवलं. मालूने तोंड फिरवलं.

"गाठ किडनीच्या आवरणाच्या आत आहे की बाहेर फुटली आहे, हे तपासल्यावरच कळेल," ते म्हणाले. "पुढचे उपचार त्यावरच ठरतील. आजच पोहोचवा."

दक्षताला रक्ताच्या पिशवीसाठी धावायचं होतं. काळुरामने हात पुढे केले. "मी नेतो."

रिक्षा निघाली. ठाण्याच्या लॅबकडे जाणारा शीळफाट्याचा रस्ता लागेल म्हणून मी निवांत होते. पण थोड्याच वेळात ओळखीचा खारा वारा आला. काळुराम मला खाडीवर घेऊन आला होता!

धक्क्यावर बसून त्याने मला मांडीवर घेतलं. नुसती भिरकावून दिली असती तर खेळ खलास. पण जन्मभर त्याच्या जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्याच जास्त आलेल्या. खाडीत प्लास्टिक टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा तो उद्धार करायचा. आता स्वतःच कसं टाकणार? म्हणून त्याने झाकणाला हात घातला.

मी अंगातलं सगळं बळ झाकणात आणलं. त्याने पिळलं, धोतराचं टोक गुंडाळून पिळलं. मी हलले नाही. खिशातला फोन वाजत राहिला, त्याने तो उचलला नाही. मग त्याने सुरी काढली. पातं कडेखाली शिरलं आणि झाकण किंचित उचललं गेलं. औषधाचा थेंब बाहेर आला, वासाने त्याचे डोळे भरून वाहू लागले. सुरी मात्र थांबेना. संपलं, असं मला वाटलं.

"काका! थांबा!"

दक्षता धापा टाकत येत होती. लॅबला फोन केला तर बरणी पोचलेलीच नाही म्हणाले, काका फोन घेईनात, तेव्हा तिला दारातलं ते बोलणं आठवलं होतं.

"काय करताय हे?"

"बाय, यो माजे भावाचा तुकरा हाय," काळुराम हुंदका देत म्हणाला. "त्याला मी खांद्यावर खेलवलाय. लोका त्याच्या चिरफाल्या करतील, मना नाय बघवत."

दक्षता त्याच्या शेजारी टेकली. तीही रडत होती.

"काका, जाळं फाटलं की तुम्ही काय करता? सगळं पसरून बघता ना, भोक एकच आहे की आणखी कुठे आहे? मग हे न बघता पाण्यात कसं सोडताय? आजार बाबांच्या अंगात उरलाय की नाही, हे आता दुसरं कोण सांगणार आपल्याला?"

काळुरामने सुरी मिटली, तळव्याने झाकण दाबून घट्ट बसवलं आणि तो उठला. "चल. मी पन येतो."

लॅबमधल्या माणसाने झाकण उघडताना माझ्या नावाने बोटं मोडली. दक्षता म्हणाली, "उलटी करून थापटावी लागते." तो म्हणाला, "ताई, आत काय आहे माहितीय ना?"

रिपोर्ट यायला दिवस लागले. ते दिवस त्या घराने कसे काढले असतील, देव जाणे. मग एका सकाळी काळुराम आणि दक्षता लॅबमध्ये आले. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला. "काका, गाठ आवरणाच्या आतच होती. बाहेर कुठेच गेली नव्हती." काळुरामने हट्टाने मला बघायला मागितलं आणि सुरीचा ओरखडा पडलेल्या माझ्या झाकणावर हात ठेवला.

"मालूनी नवीन बरनी आनलीय," तो हळूच म्हणाला. "झाकन पटकन उघरतं. पन जवला सादलतो."

मित्रांनो, इथल्या नियमाप्रमाणे काही काळाने मला दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घालून जाळतील. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पुन्हा त्या फळीवर बसायला मला आवडलं असतं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं कोणी दुखणं लपवत असेल, तर त्याला बोलतं करा. झाकण घट्ट असावं ते बरणीचं, माणसाचं नव्हे.