हंबीररावांच्या पायातली करकर

मी हंबीररावांची उजवी चप्पल बोलतेय. डावीही इथंच शेजारी पडली आहे, पण ती जन्माची घुमी. आमच्या जोडीत तोंडाळ ती मीच.

कराडच्या अर्जुनानं मला घडवलं. जाड कातडं, तेल पाजून मऊ केलेलं, वर लाल गोंडा. दोन तळांच्या मधे त्यानं विंचवाच्या बिया बसवल्या आणि तळ शिवून टाकला. घाबरू नका, विंचू नावाचं रानातलं झुडूप असतं. त्याच्या बिया घातल्या की चप्पल चालताना करकर वाजते.

"आबा, गल्लीच्या तोंडाला पाय ठिवला तर चुलीपतुर ऐकू जाईल बगा!" अर्जुना हंबीररावांना म्हणाला.

आणि झालंही तसंच. हंबीरराव म्हणजे कृष्णाकाठचे ऊसवाले शेतकरी, पन्नाशीचे, भरघोस मिशांचे. मला घालून ते पहिल्यांदा गावात शिरले तेव्हा पारावरची माणसं सावरून बसली, वाटेतलं कुत्रं उठून बाजूला झालं. मला आभाळ ठेंगणं झालं. आम्ही दारात पोहोचायच्या आत घरातला सगळा गलका थांबायचा. केवढा हा मान, असं मी समजायचे.

त्या मानापायी मी इतरांना नावं ठेवायला मोकळी झाले. माणसं फॅशन वरून बघतात, मी खालून बघते, आणि खरा प्रकार खालूनच कळतो. हंबीररावांचा धाकटा मुलगा लालासाहेब कराडला कॉलेजात होता. शहात्तर साली त्यानं बेलबॉटम आणली. नाव मोठं, लक्षण खोटं! घेर एवढा की आत कोंबडी पिलांसकट बसेल, आणि काम काय, तर घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत रस्ता झाडायचा. त्याचे उंच टाचांचे बूट तर एकदाच मळ्यात आले. त्यातला एक अजून उसाच्या सरीत रुतलेला असेल. गॉगलबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण तो घालून घरात येणारा हमखास माझ्यावर पाय देतो. टेरिलीनच्या सदऱ्याची इस्त्री मोडत नाही हे कबूल, पण वैशाखात तो घालणाऱ्याचा घाम टपाटपा माझ्यावर पडतो. एकूण काय, माझ्यासारखी मीच.

मग एका दुपारी मळ्यातून परतताना माझा अंगठा तुटला. हंबीररावांनी आम्हा दोघींना हातात घेतलं आणि ते अनवाणीच घरी आले. मी पायात आल्यापासून पहिल्यांदाच ते आवाज न करता सोप्यात शिरले.

आत हसण्याचा नुसता कल्लोळ चालला होता. दाराच्या फटीतून आम्ही पाहिलं. त्यांची मुलगी विजयमाला लालासाहेबाची बेलबॉटम आणि गॉगल चढवून मधोमध उभी होती. डोक्यावर हंबीररावांचा फेटा! फौजेतल्या थोरल्या मुलाची बायको शालूबाई आणि हंबीररावांच्या मालकीणबाई मनुबाई समोर बसून दहापैकी मार्क देत होत्या.

"वैनी, बेलबॉटमला किती?" विजयमालानं विचारलं.

"धातले तीन. तिच्या घेरात माजं दोन झंपर निगतील, म्हनून तीन," शालूबाई म्हणाली.

"आनि गॉगलला शून्य," मनुबाई म्हणाल्या. "दिवसाढवळ्या अंधार करून घ्यायला पैसं कशाला?"

"फेट्याला धातले धा," विजयमाला म्हणाली. "आनि आबांच्या चपलीला?"

ती छाती काढून, मिशीवर ताव दिल्यासारखं करत चालू लागली. तोंडानं आवाज काढत होती, "कर्र... कर्र..."

"तिला वजा धा," शालूबाई म्हणाली. "ती वाजली की घराला कुलूप!"

मनुबाई डोळे पुसत हसत होत्या. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हंबीररावांनी त्यांचं असं हसू ऐकलं नव्हतं. ते आल्या पावली मागं फिरले, आणि मी लाजेनं चूर झाले. वजा दहा! बेलबॉटमच्याही खाली!

हंबीररावांनी थेट कराडची गाडी धरली.

"अर्जुना, अंगठा शीव. आनि हिच्यातली करकर काढून टाक."

"आवं आबा, काय बोलताय! करकर काढल्यावर ऱ्हायलं काय तिच्यात?"

"माज्यामुळं घर मुकं हुतंय गड्या. काढ."

अर्जुनानं जड हातानं तळ उसवला. बिया कागदाच्या पुडीत बांधून त्यानं हंबीररावांच्या हातात दिल्या. मी मुकी झाले. रडावं म्हटलं तर आवाजच उरला नव्हता.

आता घर हसेल, अशी हंबीररावांची समजूत. झालं उलटंच. ते कधी पाठीमागं येऊन उभे राहतील याचा कुणाला नेम राहिला नाही. शालूबाई दचकली आणि दुधाचं पातेलं पालथं झालं. विजयमालानं बेलबॉटम लालासाहेबाच्या ट्रंकेच्या तळाशी टाकली. चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी मनुबाईंना विचारलं, "मी आता वाजत बी न्हाई. तरी सगळी गप का?"

मनुबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "आवं, वाजत हुता तवा निदान कळायचं तरी! करकर आली की फेटा खुंटीला, पदर डोईवर. तवर आमचं राज्य. आता तुमी मांजरावानी येताय. कोन हसंल?"

दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन हंबीरराव अर्जुनाकडं गेले आणि मला आवाज परत मिळाला. पण माझी मिजास परत आली नाही. मी ज्याला सलामी समजत होते ती घंटा होती, सुट्टी संपल्याची.

त्या दिवशी गल्लीच्या तोंडाला मी वाजले. घर गप्प झालं. पण हंबीरराव दारापर्यंत गेलेच नाहीत. बाहेरच्या कट्ट्याजवळ त्यांनी आम्हाला काढून ठेवलं आणि ते कट्ट्यावर बसले.

बऱ्याच वेळानं आतून मनुबाईंचा आवाज आला. "आवं, वाटंतच का थांबला? या की आत."

"नको. तुमचं चालू द्या. मी ऐकतो हितनं."

मग मनुबाई म्हणाल्या, "विजे, दाव की तुज्या आबाला, आबा कसा चालतोय त्ये."

विजयमाला फेटा घालून दारात आली. तोंड पांढरंफटक पडलेलं. ती तीन पावलं चालली आणि थांबली. हंबीररावांनी तिला खालून वर न्याहाळलं.

"चुकलीस," ते म्हणाले. "डावा खांदा जरा खाली पाड. आनि तोंडानं कशाला करकर काढतीस? ही घे."

त्यांनी आम्हाला तिच्यापुढं सरकवलं. तिची पावलं लहान, टाचा मागं सुटलेल्या. पण त्या दिवशी मी वाजले तशी जन्मात कधी वाजले नव्हते. हंबीरराव मांडीवर थाप मारून हसले, आणि मग सगळं घर हसलं.

आता माझी टाच झिजलीय, गोंडा गेलाय, बियांचा भुगा झालाय. नवी जोडी आणा असं लालासाहेब म्हणतो. जरूर आणा. तुम्हीही हवं ते घाला, बेलबॉटमसुद्धा घाला, माझी हरकत नाही. फक्त घरी पोहोचलात की आत शिरण्याआधी क्षणभर कान द्या. तुमच्या चाहुलीनं आतला आवाज थांबतो का, तेवढं ऐका.

माझा आवाज कधीच गेला. हंबीरराव मला दारात काढतात आणि आत जातात. आतलं हसू थांबत नाही.