पाऊण तासाचं पाणी

नजीबने छत्रीचा दांडा वाळूत रोवला, भोवतीची वाळू टाचेने दाबली आणि कमरेवर हात ठेवून पाण्याकडे पाहिलं. जागा त्याने सर्वांत उंच निवडली होती. पाणी तिथून चांगलं तीस पावलं लांब होतं आणि अजून मागे सरत होतं.

"चारपर्यंत इथं कोनाचे पाय ओले होनार नाय," तो म्हणाला.

महमुदाने चटई पसरली आणि कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. पाण्याची कॅन लाँचमध्येच राहिली म्हणून ती घाईघाईने परत किनाऱ्याशी गेली आणि कॅन घेऊन आली.

जरादाला बेट म्हणायचं ते नावापुरतं. ओहोटी लागली की आखाताच्या भर समुद्रात वाळूचा पांढरा पट्टा वर येतो. त्यावर ना झाड, ना दगड. भरती आली की तो पुन्हा गडप. सितऱ्याच्या बंदराहून लाँचने अर्ध्या तासावर. राजधानी मनामातली हौशी मंडळी शुक्रवारी तिथे पोहायला, शिंपले वेचायला जात आणि शनिवारी ऑफिसात त्याचंच बोलत बसत. गेली दोन वर्षं ते ऐकून घेतल्यावर आज नजीबने बायकोला आणि नऊ वर्षांच्या निदाला आणलं होतं, आणि तो खुशीत होता. तो खुशीत असला की घरातल्यांना जरा मोकळेपणी वावरता येई.

लाँचवाला जैनुद्दीन गुहागरकडचा, इथे येऊन दोन महिने झालेला. मालकाचे माशांचे पिंजरे उचलायला त्याला पुढे जायचं होतं. त्यांना उतरवताना तो चाचरत म्हणाला होता,

"नजीबभाई, जरा लवकर येऊ काय? मालक बोलतो, हितलं पानी झटक्यात चढतं."

"चारला ये. मला पानी नको शिकवू. दाभोळच्या तांडेलाचा पोरगा हाय मी."

ते खरंच होतं. चांदाची तारीख कळली की त्यावरून भरती-ओहोटीची वेळ काढायची वडलांची रीत त्याला तोंडपाठ होती. रोज पाणी पाऊण तास उशिरा येतं. तारीख पक्की असली की झालं. दाभोळच्या आणि इथल्या वेळेतला फरक त्याने अरादच्या किनाऱ्यावर बसून जुळवून घेतला होता. आता स्वतः नजीब कार्गो कंपनीत क्लार्क होता आणि आयुष्यात त्याने वल्हं हातात धरलं नव्हतं, पण तेवढा भाग तो सांगण्यातून गाळत असे.

जेवण झक्क झालं. तांदळाच्या भाकऱ्या, तळलेली सुरमई, आणि काल शबे-बारातीला केलेला चणाडाळीचा हलवा. निदा उथळ पाण्यात खेकड्यांच्या मागे धावली, परत आली, शिंपल्यांनी ओंजळ भरून पुन्हा गेली. नजीब कोपरावर रेलला आणि त्याला त्याची आवडती गोष्ट आठवली.

"सखीरचं आठवतं का गो?" तो हसला. "वाळवंटातलं ते एकटं झाड बघायला चाललेलो. ही मला सांगते, रस्ता चुकला. मी म्हटलं, बरं, तुला ठाव हाय तर उतर, तू जा तुझ्या रस्त्यानं. दोघींना उतरवलं नि गाडी घेऊन गेलो!"

"दहा मिनिटांनी आलात परत," महमुदा म्हणाली.

"येनारच होतो ना. पन तवापासून गाडीत कशी शांती हाय बघ."

महमुदा ताटं पुसत होती. निदाने ओंजळीतले शिंपले चटईवर ओतले आणि हलव्याचा तुकडा उचलला.

"नानी इज मेकिंग हलवा टुडे," ती म्हणाली.

"टुडे नाय, काल. काल शबे-बारात झाली."

"नो अब्बा. काल फोनवर नानी म्हणाली. देअर शबे-बारात इज टुनाइट. देअर मून इज वन डे लेट."

नजीबचं हसू ओठांवर तसंच राहिलं. दरवर्षी भाऊ गावाहून कॅलेंडर पाठवी आणि त्यावरूनच नजीब पाणी काढी. यंदाचं कॅलेंडर टपालात कुठे गेलं देव जाणे. परवा त्याने तारीख पाहिली होती ती स्वयंपाकघरातल्या, बँकेने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर. ती तारीख इथली. वडलांचं गणित गावच्या तारखेचं. गावची तारीख एका दिवसाने कमी, म्हणजे फरक पाऊण तासाचा. पाणी त्याने सांगितल्याच्या पाऊण तास आधी येणार होतं. आणि लाँच चारला.

त्याने घड्याळ पाहिलं. सव्वादोन. मग पाण्याकडे पाहिलं. ते आता बारा पावलांवर होतं, आणि ते मागे जात नव्हतं.

तो उठला. पट्ट्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पावलं मोजली. दहा. पुनवेचं उधाणाचं पाणी, त्यात महमुदाला पोहता येत नाही, निदाला येत नाही, आणि त्याला येतं ते दाभोळच्या खाडीत लहानपणी हातपाय मारले तेवढं. चारी बाजूंना समुद्र आणि लांब कुठेतरी सितऱ्याच्या तेलाच्या टाक्यांचे ठिपके. त्याला भीती वाटली. तरी तो म्हणाला काय, तर,

"सावली सरकली. छत्री जरा हिकडं घेऊ."

छत्री काढून त्याने पुन्हा होती तिथेच लावली, कारण त्याहून उंच जागाच नव्हती. चूक झाली एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते जिभेवर आले आणि तिथेच बसले. महमुदा भांडी आवरत होती. सगळं एका पिशवीत, पिशवीला घट्ट गाठ. हिला बिचारीला काही माहीत नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला तिची दया आली.

पावणेतीनला दूर एक मासेमारीची होडी दिसली. नजीबने सदरा काढून हलवला.

"काय करताय?" महमुदाने विचारलं.

"काय नाय. सलाम केला."

होडी निघून गेली. डिसेंबरचा वारा उघड्या अंगाला बोचत होता. तीन वाजले तेव्हा पट्टा दोन चटयांएवढा राहिला होता. सव्वातीनला पाण्याची पातळ घडी चटईखाली शिरली आणि निदाचे शिंपले हलले.

"अब्बा, यू सेड फोर," निदा म्हणाली. तिला गंमत वाटत होती. नजीबने तिला उचलून आइसबॉक्सवर उभं केलं. छत्रीचा दांडा धरून ती इकडेतिकडे बघू लागली.

"येईल हा जैनुद्दीन," तो म्हणाला.

पाणी घोट्यांवर आलं. मग पोटऱ्यांवर. थंड होतं, आणि पायाखालची वाळू ओढून नेत होतं. नजीबची नजर दांड्यावरून हलत नव्हती. दांड्यावर रंग उडाल्याचा एक डाग होता; तो बुडाला की निदाला खांद्यावर घ्यायचं, असं त्याने ठरवलं. त्यानंतर काय करायचं ते त्याला ठरवता येईना. मनातल्या मनात तो कलमा म्हणू लागला. महमुदा पिशवी छातीशी धरून उभी होती. ती पाण्याकडे बघत नव्हती. लाँच गेली त्या उत्तरेच्या बाजूला बघत होती, बराच वेळ, डोळ्यांवर आडवा हात धरून.

डाग बुडायला बोटभर उरलं तेव्हा इंजिनाचा आवाज आला.

जैनुद्दीनने आधी निदाला वर घेतलं, मग महमुदाला. नजीब चढला आणि फळीवर बसला. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. घामाने डबडबलेला जैनुद्दीन त्याच्याकडे न बघता महमुदाशी बोलत होता.

"माफ करा, भाभी. तुमी तीनला ये म्हनालात, मी अडीचलाच निघालो. वाटेत इंजीन बंद पडलं. पाऊन तास गेला त्यात."

नजीबने ऐकलं. हा चारच्या हिशेबाने निघाला असता आणि वाटेत पाऊण तास गेला असता तर, एवढं त्याच्या मनात आलं. त्यापुढचा विचार त्याने केला नाही. त्याला ती पाण्याची कॅन आठवली, आणि ती आणायला महमुदा एकटीच लाँचकडे गेली होती ते.

"तुला ठाव होतं?"

"काल अम्मीचा फोन आला तवा कळलं," महमुदा म्हणाली. "गावाला चांद एक दिस मागं हाय. तुमी इथल्या कॅलेंडरावर बघितलंत."

"मग मला का नाय सांगितलंस?"

इंजिनाच्या आवाजामुळे त्याला मोठ्याने विचारावं लागलं.

महमुदा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, डोळे किंचित बारीक करून. पाणी कुठवर चढलंय, अजून किती वेळ आहे, ते पाहावं तसं. मघाशी पाण्यात तो छत्रीच्या दांड्याकडे असंच बघत होता.

आणि निदाने आईचा हात घट्ट धरला. पाण्यात उभी असताना तिने तो धरला नव्हता.