मानाच्या रांगेतली खुर्ची

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर कधी ना कधी बसला असालच. माझ्यावर नाही, तर माझ्या एखाद्या बहिणीवर. लाल रंग, दोन हात, पाठीला जाळी आणि जाळीच्या वर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेले 'रायभान मंडप'. मी एक जुनी प्लास्टिकची खुर्ची आहे. माझा पुढचा एक पाय तुटला आहे. तो कसा तुटला हे आमच्या गावात लोक तीन-चार प्रकारांनी सांगतात, आणि प्रत्येक प्रकारात सांगणारा स्वतः मात्र लांब उभा असतो. मी तिथेच होते, म्हणून माझे ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम रस साच्यात गेला आणि मिनिटभरात मी बाहेर पडले. मागे-पुढे माझ्यासारख्याच दोनशे बहिणी होत्या. टेम्पोत एकीवर एक बसून आम्ही जाफराबाद तालुक्यातल्या एका गावी आलो. तिथे रायभानने आम्हाला उतरवून घेतले. त्याच्या बापाची मेंढरे होती. रायभानने मेंढरे विकून मंडपाचे सामान घेतले, पण बापाची सवय सुटली नाही. संध्याकाळी मेंढरे मोजावीत तसा तो प्रत्येकीच्या पाठीला हात लावून आम्हाला मोजतो. त्याची बायको गोपिकाबाई आम्हाला साबणाने धुते. कोणी हसले की म्हणते, "लेकी हायेत माह्या. दुसऱ्याच्या घरी जातेत, तोंड धुऊनच गेल्या पाह्यजेत."

पुढची सहा वर्षे मी खूप काम केले. लग्ने, जयंत्या, शाळेची स्नेहसंमेलने, निवडणुकीच्या सभा. माणूस कसा आहे हे मला त्याच्या बसण्यावरून कळते. नवऱ्या मुलाचा मामा मागच्या दोन पायांवर झुलतो. पुढारी पुढे सरकून बसतो, कारण त्याला लवकर निघायचे असते. म्हातारी माणसे आधी हाताने चाचपतात. मी कोणाला बरे-वाईट म्हणत नाही. वजन पेलणे एवढेच माझे काम, आणि ते मी नीट केले. एका सभेत एक जाडजूड साहेब माझ्यावर तीन तास बसले आणि जाताना म्हणाले, "खुर्ची मजबूत आहे." माझे तेवढे एकच कौतुक झाले. ते मला पुरले.

आता माझा पाय ज्यात तुटला, त्या सामन्याचे सांगते.

आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक आहेत, भारत सर. ते गावातल्याच तातेरावांचे चिरंजीव. कबड्डीच्या मैदानावर त्यांनी मुलांना फुटबॉल शिकवला. ती मुले मोठी झाली आणि गावाचा संघ तयार झाला. सर छत्रपती संभाजीनगरला शिकत होते, तेव्हा सुदान आणि येमेन या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांशी त्यांची ओळख झाली होती. त्यांच्या वसतिगृहातल्या संघाला सरांनी सामन्याचे निमंत्रण दिले. गावाने लगेच फलक लावला: 'भव्य आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना'. चौदा खेळाडू आणि त्यांचे बारा पाठीराखे येणार होते. वसतिगृहाच्या प्रमुखांनी सरांकडून कागद लिहून घेतला आणि परतल्यावर पोहोच म्हणून सही करायला तो सरांकडेच ठेवला. त्यात सरांनी लिहिले होते, 'सव्वीस जणांना नेतो आहे. सव्वीस जणांना धडधाकट परत आणून सोडीन.' सामन्याच्या सकाळी माझ्यावर बसून सरांनी तो कागद रायभानला वाचून दाखवला आणि घडी घालून खिशात ठेवला. ते फार ताठ बसले होते. माणूस घाबरला की असाच बसतो.

मंडप उभा राहताना वाद झाला. वाद म्हणजे काय, बाप बोलला आणि मुलगा गप्प झाला.

"आबा, पाहुण्यायला मी मैदानाच्या पल्याडच्या कडंला बसवतो," सर म्हणाले. "तिथं निंबाखाली त्यायच्या जीपा राहतील. सामना झाला की जल्दी निघता येईल."

"कडंला?" तातेराव उसळले. "समुद्रापल्याडून आल्याले लोकं अन् तू कडंला बसवतो? लोकं काय म्हंतील आपल्याला? मंडपाच्या मधोमध बसव, सगळ्यायच्या म्होरं, खुर्च्यायवर. अन् फेटे बांध. एकबी डोकं बोडकं राहू नको देऊ."

तातेरावांचे मन स्वच्छ होते. आमच्याकडे पाहुण्याचा मान म्हणजे पुढची जागा. जुन्या चटईवर गाव बसेल, पण पाहुणा खुर्चीवरच. त्यामुळे दोन रांगांत सहा-सहा खुर्च्या मांडल्या. मी पुढच्या रांगेत होते. आमच्या मागे सतरंज्यांवर सारे गाव मांडी घालून बसले. शिवाय प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर वीतभर उंच केशरी फेटा. मागच्या माणसाला काय दिसेल, याचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. मान द्यायच्या गडबडीत असे विचार सुचत नाहीत.

माझ्यावर इद्रिस नावाचा सुदानी तरुण बसला. तो औषधांचे शिक्षण घेत होता आणि त्याच्याकडे छोटा ढोल होता. बसण्याआधी त्याने मला हाताने पुसले. मग फेट्यातला स्वतःचा फोटो काढून आईला पाठवला. असे पाहुणे मला आवडतात.

पहिला अर्धा वेळ छान गेला. गावाने पाहुण्यांना शेंगा दिल्या, चहा दिला. मग पाहुण्यांच्या संघाने गोल केला. बाराही जण ताडकन उठले. ढोल वाजू लागला, फेटे हलू लागले.

"ओ पाहुणे, बसा की खाली!" मागून सतरंजीवरचा पुंजाराम ओरडला. "काईच दिसून न्हाई राह्यलं!"

पाहुण्यांना मराठी कळत नव्हते. त्यांना वाटले, गाव आपले अभिनंदन करत आहे. त्यांनी मागे वळून हात जोडले आणि आणखी जोरात नाचू लागले. गाव हसले. चूक दोन्हीकडची होती आणि गोडही होती.

दुसऱ्या गोलाला मात्र कोणी हसले नाही. पाहुणे पुन्हा उठले. मागून पाण्याचा एक पाऊच आला आणि एका येमेनी मुलाच्या पाठीवर फुटला. मग शेंगांची टरफले, मग आणखी पाऊच, मग मैदानाकडेची ढेकळे. "परत जा! परत जा!" असा एकच गलका झाला. एका हाताने मागून इद्रिसचा फेटा ओढला. तो उलगडत खाली आला. सकाळी बांधणाऱ्यांतलाच तो एक हात होता. सर माइकवरून ओरडत होते, "पाहुणे हायेत आपले! बसा! शांत बसा!" पण त्या वेळी कोणाला माइक ऐकू येत नव्हता आणि कोणाला पाहुणे दिसत नव्हते.

मित्रांनो, गर्दी मी पुष्कळ पाहिली आहे. एकेकटा माणूस माझ्यावर बसतो तेव्हा बहुधा भला असतो. ही तीच माणसे होती.

आमच्या गावाचा गोलरक्षक पप्पू, म्हणजे रायभानचा धाकटा मुलगा. थोरला ओमप्रकाश मागे उभा होता. तो बियाण्याच्या दुकानात काम करतो आणि लग्नाला दोन वर्षे झालेला शहाणा माणूस आहे. दोन्ही गोल पप्पूच्या हाताखालून गेले होते. शेजारचे त्याला टोचत होते, "ओम्या, तुह्या भावानं पार इज्जत घालवली गावाची." ओमप्रकाश गर्दीतून वाट काढू लागला. तो पुढे आला. इद्रिस उभा असल्यामुळे मी रिकामी होते. ओमप्रकाशने मला पाठीला धरून उचलले आणि फेकले.

मी हवेत होते तेव्हा मला राग आला नाही, दुःखही झाले नाही. खुर्चीला फार तर नवल वाटते. माझा पुढचा पाय इद्रिसच्या भुवईवर आदळला. डोक्यावर फेटा असता तर त्याला लागले नसते. मी जमिनीवर पडले, पाय मोडला आणि माझ्या हातावर त्याचे रक्त ठिबकले.

फेकाफेक थांबली. सर धावत आले आणि खाली पडलेला फेटा गोळा करून त्यांनी जखमेवर दाबला. पाहुण्यांचे खेळाडूही मैदान सोडून आपल्या माणसांकडे आले. पण आता जायचे कुठून? जीपा पल्याड निंबाखाली होत्या. पुढून गावाचा संघ आणि मैदानात घुसलेली पोरे, मागून सारे गाव. मानाने मधोमध बसवलेले पाहुणे मधोमधच अडकले होते. येमेनी मुलाने सरांचा दंड घट्ट धरला होता. सरांचा दुसरा हात खिशातल्या कागदावर होता.

"खुर्ची कोणी फेकली?" सरांनी विचारले.

ज्यांनी पाहिले होते ते जमिनीकडे बघू लागले. मग गर्दीतून एक जण म्हणाला, "ज्याची खुर्ची त्याला इचारा की!" दोघे-तिघे हसलेसुद्धा. हसण्याबरोबर मागची गर्दी पुन्हा एक पाऊल पुढे सरकली.

रायभान मंडपाच्या खांबाजवळ उभा होता. तो आला, वाकला आणि त्याने मला उचलले. माझ्यावर लिहिलेले त्याचे नाव त्याने सगळ्यांना दिसेल असे धरले.

"खुर्ची माही हाय," तो म्हणाला. "अन् फेकणाराबी माहाच हाय. ओम, म्होरं ये."

एवढ्या वर्षांत रायभानचा हात मी रोज ओळखत आले. इतके घट्ट त्याने मला कधीच धरले नव्हते.

ओमप्रकाश पुढे आला. त्याची मान खाली होती. सर त्याला मारतील असे मला वाटले. सरांनी मारले नाही. रायभानच बोलला, "ह्यायला जीपीपोहोत तू न्यायचं. म्होरं तू चालायचं. ढेकूळ आलं तं पह्यलं तुह्या आंगावर आलं पाह्यजे."

ओमप्रकाश चालू लागला. त्याच्या मागे इद्रिस आणि सर, त्यांच्या मागे बाकीचे. लोक बाजूला झाले. एकही ढेकूळ आले नाही. जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून ओमप्रकाश मागे लटकून जाफराबादच्या दवाखान्यापर्यंत गेला. इद्रिसच्या भुवईला तीन टाके पडले. टाके घालताना ओमप्रकाश दाराशी उभा होता. आत जायला त्याला धीर झाला नाही आणि बाहेर जायला पाय निघाला नाही, असे त्याने नंतर आईला सांगितले. तो सांगत होता तेव्हा मी त्यांच्या घरच्या पडवीत पडले होते.

सरांनी संध्याकाळी सगळ्यांना वसतिगृहावर पोहोचवले. प्रमुखांनी मोजले. सव्वीस भरले. ते कागदावर सही करणार, तेवढ्यात सरांनी तो मागून घेतला आणि 'धडधाकट' या शब्दावर स्वतःच्या हाताने काट मारली. हे त्यांनी रायभानला सांगितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटले. एखाद्याला इतके ताठ बसलेले पाहावे आणि नंतर असे वाकलेले पाहावे, हे खुर्चीलाही जड जाते.

मग माझे पडून राहण्याचे दिवस आले. गोपिकाबाईने माझ्यावरचे रक्त तीनदा धुतले. तीन पायांची खुर्ची लग्नात चालत नाही, त्यामुळे मला गोदामाच्या कोपऱ्यात उलटे ठेवले. भंगारवाला दोनदा आला. रायभानने दोन्हीदा मला दिले नाही, पण माझ्याकडे बघितलेही नाही.

वर्षभराने इद्रिसचा निरोप आला. आम्ही पुन्हा येतो, पण सर, कृपा करून आमचा मान ठेवू नका.

तातेरावांना हे झेपेना. "मान नको म्हंतेत? मंग द्यायचं काय त्यायला?"

"मोकळी जागा, आबा," सर म्हणाले.

या वेळी पाहुण्यांना पल्याडच्या कडेला निंबाखाली सतरंजीवर बसवले. जीपा पाठीशी उभ्या केल्या. मध्ये दोरी बांधली. ना खुर्ची, ना फेटा. दोरीजवळ ओमप्रकाश आपणहून जाऊन उभा राहिला. रायभानने मला तुटक्या पायाखाली वीट देऊन त्याच्याजवळ ठेवले, बसायचे तर बस म्हणून. तो एकदाही बसला नाही. तो मैदानाकडे पाठ करून उभा राहिला आणि पूर्ण वेळ गावाकडे बघत राहिला. गोल झाले, ढोल वाजला, शिट्ट्या झाल्या. एक पाऊच आला. तो त्याने हवेत झेलला आणि ज्याने फेकला त्याच्याकडे नुसते बघितले. दुसरा आला नाही.

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा ओमप्रकाश मागे वळला. सामन्यातले त्याने काहीच पाहिले नव्हते. इद्रिस दोरीपाशी आला. त्याच्या भुवईवर पांढरी रेघ होती. ओमप्रकाशने त्या रेघेकडे बघितले, मग खाली बघितले, आणि काहीतरी बोलायला हवे म्हणून विचारले, "कोण जिंकलं?"

वर्षभरात इद्रिस थोडे मराठी शिकला होता.

"तुमी," तो म्हणाला, आणि त्याने दोरीवरून हात पुढे केला.

ओमप्रकाश रडला. एवढा मोठा माणूस, सगळ्या गावासमोर रडला, आणि कोणी त्याला हसले नाही.

मित्रांनो, मी आता कोणाला बसवण्याच्या लायकीची राहिले नाही. मागायचे म्हणून एवढेच मागते. तुमच्या गावी परका संघ आला, त्याची माणसे आली, तर त्यांना खुर्ची जरूर द्या. पण खुर्ची दिली म्हणजे आपले काम संपले असे समजू नका. सामना संपेपर्यंत तुमच्यातला एक तरी त्यांच्याकडे पाठ आणि आपल्या माणसांकडे तोंड करून उभा राहू द्या. त्याला खेळ दिसणार नाही. नाही दिसला तरी चालेल.