हिरव्या खुणा आणि मी गारच

टाळ्या वाजवण्याआधी मला एकदा हात तरी लावून बघायचा होतात! ज्याच्या नावानं केक कापलात, तो त्याच खोलीत कपाटात थंडगार पडून होता. कुणाला आठवण झाली?

तो मी. मी एक गेम कन्सोल बोलतोय. पण ज्याच्याभोवती मुलं दंगा करतात तो नव्हे. मी चाचणीचा, गेम बनवणाऱ्यांना कंपनी उसना देते तो. करारच असा, की मला कुलपात ठेवायचं, माझा फोटो काढायचा नाही, बाहेर माझ्याविषयी ब्र काढायचा नाही. माझे भाऊ घराघरांत टीव्हीशेजारी बसले. मी लोखंडी कपाटात. पाठीमागच्या भोकातून दोन तारा येतात, तेवढाच माझा जगाशी संबंध.

मला आणलं ते एका बिल्ड टूलसाठी. माणसं प्रोग्राम एकदाच लिहितात. तो प्रत्येक यंत्राला समजेल असा बांधून द्यायचं काम हे टूल करतं, तेही सर्वांसाठी फुकट. त्याला संगणक कळत होते, फोन कळत होते, मी मात्र कळत नव्हतो. मला समजून घ्यायचं काम एका मुलीकडे आलं. प्रत्येक गोष्टीचा कीस काढते म्हणून सगळे तिला कीसबाई म्हणायचे.

घरातल्या जेवणाच्या टेबलावर गेम बनवणारे एक बहीण-भाऊ तिच्या कामाकडे डोळे लावून बसले होते. गेमच्या प्रदर्शनात त्यांना जागा मिळाली होती. भाऊ फोनवर विचारायचा, "ताई, तोवर कन्सोलवर चालेल ना आमचा गेम?"

"चालेल. शब्द देते."

आणि एका दुपारी पडदाभर हिरव्या खुणा उमटल्या. सगळ्या चाचण्या पास! तिचे साहेब म्हणाले, "टूलला आता कन्सोलही कळतो, अशी घोषणा करून टाक. आज तरी कीस नको, बाई!" खोलीत हशा पिकला, घोषणा गेली, टाळ्या झाल्या, केक कापला गेला.

मी आत गारच. टूलला एक जुनी खोड होती: कुठे चालवायचं ते नीट सांगितलं नाही, की ते स्वतः ज्या संगणकावर बसलंय त्याच्यासाठीच चाचण्या बांधायचं आणि तिथंच चालवून मोकळं व्हायचं. नेमकं तेच सांगायचं राहून गेलं होतं. परीक्षेला माझ्या नावावर दुसराच बसला होता. ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड नाही, नुसता पंखा आहे, आणि तोही बंद होता.

केकचा तुकडा हातात घेऊन तिनं कपाट उघडलं. "शाब्बास रे," म्हणत मला थोपटलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

"साहेब, हा गार आहे."

"एसी चालू आहे ना खोलीत."

"एवढ्या चाचण्यांनंतर? हा सुरूच झालेला नाही. घोषणा मागे घ्यायला हवी."

"वेडी आहेस का? हसं होईल आपलं!"

"होऊ दे. भर प्रदर्शनात गेम बंद पडला, तर त्या दोघांचं होईल."

तिनं घोषणा मागे घेतली. मग भावाला फोन लावला. "मी दिलेला शब्द आज तरी खरा नाही. खरा होईल तेव्हा हात लावून बघून सांगेन."

त्या दिवसापासून तिनं मला टेबलावर घेतलं. खोली कुलपातलीच, पण मला खिडकी दिसली. पडदा आता लालच लाल. मला ते लाल आवडायचं, खोटं कशाला बोलू? ते नापास होणं माझं स्वतःचं होतं. प्रत्येक वेळी ती तळवा टेकवायची. एक दिवस त्या दोघांच्या गेममधली, बहिणीनं चितारलेली छोटी होडी पडद्यावरून डुलत गेली, माझा पंखा घोंघावला. कीसबाई म्हणाली, "आता कसा तापलास, लबाडा!"

प्रदर्शनात होडी चालली ती दुकानातून आणलेल्या माझ्या भावावर. मला न्यायची परवानगी नव्हती. लोक त्याच्याभोवती जमले म्हणे.

आज माझी मुदत संपली. कंपनी मला परत घेऊन कुठल्या फळीवर टाकेल, ठाऊक नाही. सकाळभर तिनं तीच होडी चालवली, कुणी बघायला नसताना. माणसांनो, हिरव्या खुणा खुशाल बघा, पण ज्याच्या नावानं त्या उमटतात त्याला एकदा शिवून बघत जा. एवढंच मागणं आहे.

दाराशी खोकं घेऊन आलेल्या माणसानं मला उचललं आणि तो थबकला.

"बाई, हा अजून गरम आहे. थोडा वेळ ठेवू का तुमच्यापाशी?"