रिखबचंदांची सरळ पाठीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे आणि मी रागावलेली आहे. लाकडाला कसला राग, असं वाटत असेल तर जरा ऐकून घ्या.

अमळनेरच्या सरदार मिस्त्रींनी मला १९६४ साली घडवलं. पाठ अगदी सरळ, हात रुंद. कापसाचे व्यापारी रिखबचंद माझ्यावर बसून रुई पारखत आणि "हिच्यावर बसलं की डुलकी येत नाही," असं कौतुकानं सांगत. मला मोठा अभिमान वाटे.

पुढे त्यांच्या बोटांतून रुई गळू लागली. मग पाय लटपटले, शेवटी वाचाही गेली. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, लाडकुंवरबाईंना, आणि धाकट्या भावाला, सुरेशचंदांना, नीट समजावलं होतं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच झिजत आहेत, आजार वाढत जाणार, बुद्धी मात्र शाबूत आहे. ताठ बसवा, हनुवटी खाली झुकवा, घट्टसर घास सावकाश भरवा.

घरी येऊन सुरेशचंदांनी वडिलांना, बापूजींना, काय सांगितलं? "औषध नाही." बस्स, एवढंच! बापूजींनी मायेनं गादी घातली, लोड लावला आणि मला ओसरीत हाकललं. माझ्यावर चादरी वाळू लागल्या. लाडकुंवरबाईंना सगळं ठाऊक होतं, पण सासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, अशी त्या घरची रीत. चुलीत घाला असली रीत!

घर जैन, त्यामुळे जेवण सूर्यास्ताच्या आत. बाप-लेक पेढीवरून उशिरा येत आणि रिखबचंदांना आडवं ठेवूनच घाईघाईनं पातळ खिचडी पाजत. रोज ठसका लागे. शेजारचा तोताराम दारातून म्हणे, "त्याना डोकामा आते काही उरेल नही. बठ्ठं गयं." डोक्यात काही उरलं नाही, सगळं गेलं म्हणे! आत पडलेले रिखबचंद ते ऐकत. त्यांचे डोळे मला ओसरीतून दिसत आणि माझा जीव तळमळे.

एका संध्याकाळी ठसका थांबेचना. ओठ निळे पडले. बापूजींचं आपलं चालूच, "आटपा, सूर्य चालला!"

लाडकुंवरबाईंनी घुंगट मागे फेकला. "बापूजी, जीव घ्याल यांचा! उठवा, पुढे वाकवा!"

पाठीवर थापट्या बसल्या, घास बाहेर पडला. बाईंनी चादरी भिरकावून मला फरफटत आत आणलं आणि नवऱ्याला माझ्यावर ताठ बसवलं. "डॉक्टरांनी बसवून भरवायला सांगितलं होतं. भाऊजी, तुम्हीही होतात ना तिथं?"

सुरेशचंदांनी मान हलवून कबूल केलं.

"मग आधी का नाही बोललीस?" बापूजी ओरडले.

"बोलू दिलं होतं कधी? उद्यापासून जेवण चार वाजता सुरू होईल. घाई तुमच्या पेढीला आहे."

मग त्या नवऱ्यासमोर बसल्या. "भूक आहे? असेल तर डोळे मिटा."

रिखबचंदांनी डोळे मिटले. दारात उभा असलेला तोताराम ते पाहून निघून गेला. बाहेर सूर्य बुडाला होता.

"आज नेम मोडायचा?" बाईंनी विचारलं.

ते डोळे टक्क उघडे राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं, तरी पापणी हलली नाही. त्या रात्री रिखबचंद उपाशीच राहिले, पण कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या मर्जीनं.

मित्रांनो, त्या आजारानं पुढे त्यांना नेलंच. त्याच्याशी माझं भांडण नाही, तो कुणाचंच ऐकत नाही. माझं भांडण आहे धडधाकट कानांच्या माणसांशी. वाचा गेलेल्या माणसाला विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा, मेल्यांनो!