रेडिओ बंद पडू नये म्हणून

हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या त्या बाईला खात्यात सगळे ‘रेडिओ’ म्हणत, आणि ते नाव तिने चांगलं कमावलं होतं. पेशंट पलंगावर आडवा झाला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. हवा, मुलीची शाळा, शेजारणीची मांजर, विषयाला तोटा नाही. मात्र पडद्यावर काही वाईट दिसलं की रेडिओ आपोआप बंद. पेशंटला काय ते डॉक्टरांनी सांगायचं, हा तिथला नियम. आणि खोटं बोलण्यापेक्षा गप्प बरं, हा तिचा स्वभाव. ही गंमत तिनेच एकदा घरी जेवताना सांगितली होती. सगळ्यात मोठ्याने हसले होते ते बाबा.

तेच बाबा आज डाव्या कुशीवर, उघड्या छातीने तिच्यासमोर पडले होते. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी “ऊन लागलं असेल” म्हणून उडवून लावणारा माणूस. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायला साफ नकार. “माझी लेक असताना परक्यापुढे सदरा कशाला काढू?” आणि आता ते पडद्याकडे बघतच नव्हते. तिच्या ओठांकडे बघत होते.

काही झालं तरी गप्प व्हायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

“जेल गार लागेल हं, बाबा.”

“लागू दे. तू बोलत राहा.”

तिने छातीच्या हाडाशेजारी प्रोब टेकवला. पडद्यावर राखाडी चित्र हलू लागलं. हवा नि शाळा दोन्ही नेमकी आजच आठवेनात, म्हणून समोर चाललं होतं तेच ती सांगत सुटली.

“वर दोन खोल्या, खाली दोन. आत्ता सगळ्या सैल पडल्यात. वरच्या खोल्यांत रक्त येतंय, मधली दारं उघडी आहेत, म्हणून तसंच खाली उतरतंय. आता वरच्यांनी जरासं दाबलं, की उरलंसुरलंही खाली.”

“मग?”

“मग खालच्या खोल्या आवळतात, मूठ आवळावी तशा. मधली दारं धाडकन लागतात, रक्त मागे फिरायला नको ना! डॉक्टर नळी लावून ऐकतात, त्यातला पहिला आवाज या दारांचा.”

“आणि दुसरा?”

“तो बाहेरची दारं लागल्याचा. पण आधी ती उघडतात. उजवीकडचं फुप्फुसांकडे, आणि डावीकडचं...”

डावीकडचं दार, सगळ्या अंगाला रक्त पोचवणारं, धड उघडतच नव्हतं. पाकळ्या जाड, कडक झालेल्या, मध्ये नुसती फट. खालची खोली जिवाच्या आकांताने आवळत होती आणि रक्त त्या फटीतून कसंबसं निसटत होतं. पुढच्या ठोक्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. एखाद्या ठोक्याला फटसुद्धा पडली नाही तर?

“डावीकडचं अंगभर,” ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. “ते उघडतं, रक्त जातं, दार लागतं, की पुन्हा पहिल्यापासून. हृदयही तुमच्यासारखंच, बसा म्हटलं तरी बसत नाही.” ती हसलीसुद्धा. मग एकदाची शेजारणीची मांजर आठवली. तिला पिल्लं झाली होती. त्यांचे रंग सांगून झाले, ती कुठल्या कपाटात निजतात तेही सांगून झालं.

बाबा सगळं ऐकून घेत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “रेडिओ छान चाललाय. पण तुझा हात मघापासून एकाच जागी आहे.”

ती गप्प झाली. खोलीत यंत्राची घरघर तेवढी राहिली.

बाबांनी तिचं मनगट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती. “मला भीती वाटतेय गं,” ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून तिने जन्मात ऐकले नव्हते.

“मलाही,” ती म्हणाली. आणि हात न हलवता, पुढच्या ठोक्याला फट उघडते का ते बघत राहिली.